एकाच डोळ्याचं रडू

शिंपीणबाईंचा उजवा डोळा लाल होता, आणि तो का लाल आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. लेक घर सोडून गेली, आईनं रडून रडून डोळे सुजवले, त्यातला एक काही अजून ताळ्यावर आला नाही. झालं. बाह्या आखूड करायला आलेली गिऱ्हाइकं माप देता देता हळूच विचारायची, "अजून काही निरोप नाही का हो तिचा?" शिंपीणबाई तोंडातल्या टाचण्या न काढताच मान हलवायच्या. तोंडात टाचण्या धरल्या की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. शिवणकामातली ही फार मोठी सोय आहे, आणि बाई तिचा पुरेपूर फायदा घ्यायच्या.

लेकीचं घरातलं नावही टाचणीच. अंगानं बारीक, बोलायला टोकदार, आणि नको तिथे नेमकी सापडायची. आईच्या मशिनखाली चिंध्यांत बसून वाढलेली पोर. ती मोठी झाली तशी बाईंनी तिच्यासाठी दुसरं मशीन घेतलं, खिडकीशी, आपल्या मशिनला लागून. दोघी एका लयीत पाय मारायला लागल्या की खोलीच्या पलीकडच्या टोकाला घड्याळं उघडून बसलेले तिचे वडील कुरकुर करायचे, "अगं बायांनो, जरा दमानं. इथे स्क्रू उडतायत माझे." त्यांना सगळे घड्याळजी म्हणायचे. खोली एकच, अर्धी सुयादोऱ्यांची, अर्धी काट्यांची.

मग टाचणीला नोकरी लागली. लांबच्या शहरात, मोठ्या कंपनीत, कपड्यांचे नमुने कापायची. आईला ती जायला नको होती. पण जाऊ नकोस म्हणून सांगतील त्या शिंपीणबाई कसल्या! त्या म्हणाल्या, "घरचं मशीन सोडून दुसऱ्याच्या दारात बसायला चाललीस? जा. पण मग मला आई म्हणून हाक मारू नकोस." रागाच्या भरात माणूस वाट्टेल ते बोलून जातो, आणि समोरचा नेमकं तेवढंच लक्षात ठेवतो. टाचणी तरी कुणाची लेक! गेली, आणि हाक बंद झाली ती झालीच. त्याला तीन वर्षं होऊन गेली.

फोन यायचा तो बापाला. बाप भिंतीकडे तोंड करून दबक्या आवाजात बोलायचा. दबक्या म्हणजे काय, घड्याळजींना कानानं जरा कमी येतं, त्यामुळे त्यांचा दबका आवाज समोरच्या बेकरीत ऐकू जायचा.

"आई बरी आहे गं. हो, डोळा अजून लालच आहे. रडते, दुसरं काय! मला दाखवत नाही, पण रडते."

हे वाक्य आलं की शिंपीणबाईंचं मशीन क्षणभर थांबायचं, आणि मग काहीच घडलं नाही अशा थाटात पुन्हा धावायला लागायचं.

आता खरं सांगायचं तर गोम इथेच होती. बाईंना तो डोळा लालच हवा होता. तुझ्यावाचून घर खायला उठतं, तुझ्या मशिनला मी दर आठवड्याला तेल घालते आणि परत झाकून ठेवते, दारात कुणाची चप्पल वाजली की माझी शिलाई वाकडी जाते, हे असलं त्या मेल्या तरी तोंडानं बोलल्या नसत्या. ते काम डोळा परस्पर करत होता. बाप सांगतोय, पोर ऐकतेय, एक ना एक दिवस तिचं काळीज हलेल, या आशेवर बाई दिवस काढत होत्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दिलेले थेंब त्या मनात आलं तर घालायच्या, नाहीतर बाटली तशीच दोऱ्यांच्या डब्यात. थेंबांनी डोळा जरा निवळायला लागला की उलट त्यांच्याच जिवाला घोर लागायचा. बरा झाला तर बापानं फोनवर सांगायचं तरी काय?

मधल्या काळात त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीत रांजणवाडी झाली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ती खरवडून काढली. काही महिन्यांनी परत त्याच जागी आली, परत काढली. पुन्हा आली तेव्हा बाई गेल्याच नाहीत. "ती पण माझ्यासारखीच हट्टी दिसतेय," म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

एके दुपारी सुईत दोरा ओवताना डोळ्यात काहीतरी टोचायला लागलं. "अहो, बघा जरा, कचरा गेलाय का." घड्याळजी उठून आले, तेही डोळ्याला भिंग लावलेलेच. साऱ्या गावाच्या घड्याळांत डोळा घालून बसलेला हा माणूस, बायकोच्या डोळ्यात इतक्या जवळून कधी डोकावला असेल असं वाटत नाही. त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला आणि पापणीची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली.

"काय हो? आहे का कचरा?"

"कचरा नाही. अगं, तुझे पापणीचे केस कुठे गेले?"

"मी काय मोजून ठेवलेत?"

"वरच्या पापणीचे, मधले. नाहीतच ना! आणि कड बघ कशी जाड झालीय, पिवळट." घड्याळजींनी भिंग काढलं. "रडून डोळा लाल होईल. केस कसे गळतील?"

बाईंनी पापणीवरून बोट फिरवलं आणि हातातली सुई खाली ठेवली. भर कामात सुई ठेवणं त्यांच्या बाबतीत फार क्वचित व्हायचं, त्यामुळे घड्याळजी जास्तच घाबरले. दुसऱ्याच दिवशी खोलीला कुलूप लावून ते बायकोला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले.

तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बोलण्यात अजिबात घाई नसलेल्या. त्यांनी शिंपीणबाईंना हनुवटी टेकवायला लावून यंत्रातून आधी डावा डोळा पाहिला, मग उजवा, मग पुन्हा डावा. उजवी पापणी काडीवर उलटी करून आतून पाहिली. कानापुढे आणि जबड्याखाली बोटांनी चाचपलं, कुठे गाठ लागते का ते. लागली नाही. मग खुर्ची मागे सरकवून त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला रडू येतं तेव्हा एकाच डोळ्याला येतं का?"

"भलतंच काय! दोन्ही डोळ्यांना येतं."

"मग हा डावा इतका पांढराशुभ्र कसा?"

घड्याळजींनी आ वासला. तीन वर्षं अख्खी गल्ली, गिऱ्हाइकं, बेकरीवाला, ते स्वतः, एवढी माणसं तो डोळा बघत होती, आणि एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

"दोनदा रांजणवाडी काढली म्हणालात. काढलेलं तपासायला कुठे पाठवलं होतं?"

"पाठवायचं काय त्यात? गेलं असेल कचऱ्यात."

डॉक्टरीणबाईंनी एक सुस्कारा सोडला. मग हातचं काही न राखता सगळं सांगितलं. पापणीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यातल्या एखादीत क्वचित कॅन्सर होतो, आणि तो मोठा सोंगाड्या असतो. डोळे आल्याचं सोंग घेतो, रांजणवाडीचं घेतो, आणि पापणीवरून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पातळ पसरत जातो. वरून बघणाऱ्याला नुसती लाली दिसते. "माझा संशय आहे, खात्री नाही. खात्री तुकडे तपासल्यावरच. पण एकच डोळा, केस गळलेले, आणि गाठ पुन्हा पुन्हा त्याच जागी. हे मला आवडलेलं नाही."

"आणि निघाला तर?" घड्याळजींनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खरोखर दबका निघाला.

"किती पसरलाय त्यावर आहे. थोडा असेल तर पापणीचा तेवढा भाग काढून नवा बसवता येतो, डोळा राहतो. सगळीकडे पसरला असेल तर डोळा काढावा लागेल. उगाच धीर देत नाही, पण आत्ताच हातपाय गाळूनही बसू नका. आणि एक करा. दोन्ही डोळे नीट दिसतील असे मावशींचे जुने फोटो आणा, असतील तेवढे. हे कधीपासून आहे ते मला बघायचंय."

परतीच्या वाटेवर शिंपीणबाईंनी नवऱ्याला दम भरला, "तिला यातलं अवाक्षर सांगाल तर याद राखा." घड्याळजी मान हलवत राहिले. अडचण अशी की फोटो होते कुणाकडे? बाईंना फोटोचा तिटकारा. घड्याळजींच्या फोनमध्ये सगळी पोटं उघडी टाकलेली घड्याळं. फोटो काढायची हौस होती ती टाचणीला. शेवटी बापानं भिंतीकडे तोंड करून फोन लावला आणि जगातली सगळ्यात फुसकी थाप मारली, "आईचे फोटो पाठव गं जुने. असेच. बघावेसे वाटले." पलीकडून काही प्रश्न आला नाही. थोड्या वेळानं फोटो यायला लागले आणि फोन वाजायचा थांबेचना.

तुकडे घ्यायच्या दिवशी, आत बोलवायची वाट बघत बाकावर बसल्या असताना बाईंनी ते फोटो पहिल्यांदा पाहिले. तोंडात टाचण्या धरलेल्या त्या. मशिनवर वाकलेल्या त्या. खडूनं कापडावर रेघ मारणारा नुसता त्यांचा हात. चिडून कुणावर तरी ओरडताना, बहुतेक फोटो काढणारीवरच. जेवता जेवता डुलकी लागलेली. किती तरी. यातला एकही फोटो काढलेला त्यांना कळला नव्हता. आपल्यावर रुसून गेलेली पोर आपल्याला अशी खिशात घालून घेऊन गेली, हे त्यांना आत्ता कळत होतं. "डोळा नीट दिसतोय का त्यात?" एवढंच त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी फोटो एकेक मोठा करून पाहिला. टाचणी जायच्या आदल्या दिवसापासून त्या मागे मागे जात राहिल्या. उजवा डोळा लाल. त्याच्या आधीचा, लालसर. त्याही आधीचा, कडेला गुलाबी आणि पापणीच्या मधोमध केस विरळ. बरंच मागे गेल्यावर एका फोटोत दोन्ही डोळे सारखे पांढरे निघाले. त्या फोटोत टाचणीचं नवं मशीन नुकतंच घरात आलेलं होतं.

"मावशी, लेक गेल्यापासून म्हणाला होतात ना तुम्ही? हा डोळा ती जायच्या आधी वर्षभर लाल आहे."

शिंपीणबाई फोनकडे बघत राहिल्या. "असं कसं होईल?"

"हे बघा ना. तुम्हीच आहात, आणि ही शेजारी तीच दिसतेय, खांदा दिसतोय तिचा."

खांदा तिचाच होता. डोळाही त्यांचाच होता. बाईंना एकदम लुबाडल्यासारखं झालं. तीन वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट कुणीतरी हातातून काढून घेतली आणि ही तुमची नव्हतीच म्हणून सांगितलं. कॅन्सरच्या नावानं डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं त्या बाईनं, पण आता त्या खुर्चीतून अर्धवट उठल्या.

"मग मी रडले ते कुठे गेलं?"

डॉक्टरीणबाईंना अशा प्रश्नाची सवय नसावी. त्यांनी फोन खाली ठेवला. "तुम्ही रडलात ते खोटं कोण म्हणतंय? पण रडू वाहून जातं, मावशी. दुसऱ्या दिवशी डोळा पुन्हा पांढरा होतो. राहिलाय तो आजार."

"मी थेंब पण नीट घातले नाहीत, दोऱ्यांच्या डब्यात पडून होते," बाई खाली बघून पुटपुटल्या.

"घातले असतेत तरी त्या थेंबांनी हे गेलं नसतं. ते मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आलात ना? चला आता."

आत त्यांना आडवं केलं, चेहऱ्यावर एका डोळ्यापुरतं भोक असलेलं हिरवं कापड टाकलं. भोकाची कड कुणीतरी कच्च्या हातानं दुमडलेली होती, तेही बाईंच्या नजरेतून सुटलं नाही. थेंबांनी आणि एका बारीक सुईनं डोळा बधिर केला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोळ्याचं चित्र काढून त्यावर आकडे घातले होते. प्रत्येक आकड्याच्या जागेचा एक कणभर तुकडा घ्यायचा, तो सुरळी होऊ नये म्हणून कागदाच्या चिटोऱ्यावर सपाट पसरायचा, आणि त्याच आकड्याच्या बाटलीत टाकायचा.

"जिथे लाल नाही तिथलेही घेताय की काय?" कापडाखालून बाईंनी विचारलं.

"तिथलेच जास्त महत्त्वाचे. हा कुठवर गेलाय ते नुसतं बघून कळत नाही."

"बरोबर आहे. डाग धुवून फिकट दिसला तरी आत धाग्यात लांबवर गेलेला असतो. त्याच्या कडेनं कापलं की ठिगळालाही डाग लागतो." मग थोडं थांबून, "कापा. पण बेतानं, कापड जास्तीचं नाहीये."

नर्स हसली. डॉक्टरीणबाईही हसल्या, पण हात जागचा हलला नाही. सगळं झाल्यावर त्यांनी लॅबच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला. पापणीचा एक तुकडा ताजाच पाठवतेय, तो स्पिरिटमध्ये घालू नका, त्यात चरबी विरघळून जाते आणि मग ओळख पटायला अवघड जातं, असं त्या बजावून सांगत होत्या. बाई पट्टीखालून ऐकत होत्या. आपल्या डोळ्याबद्दल कुणी इतकी काळजी घेऊन बोलतंय याचं त्यांना नवल वाटलं.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस काही केल्या सरेनात. घड्याळजी एकच घड्याळ उघडायचे, मिटायचे, परत उघडायचे. शिंपीणबाईंनी टाचणीच्या मशिनवरचं झाकण काढलं, तेल घातलं, चाक फिरवून पाहिलं. परत झाकताना त्यांच्या मनात आलं ते असं की आता काहीही झालं तरी हा डोळा लाल राहणार नाही. एकतर तो बरा होईल, नाहीतर तो जागेवर नसेलच. मग तिला कोण सांगणार? आणि त्याहून वाईट म्हणजे, गेली तीन वर्षं पोर तिकडे हेच मनात घेऊन जगत असेल की आईचा डोळा मी घालवला. हे आजवर त्यांना सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं, आणि थोडं बरंही वाटलं होतं. आता त्याची लाज वाटली. झाकण हातात तसंच राहिलं आणि बाई पोरीच्या रिकाम्या स्टुलावर बसून राहिल्या. त्यांना ती हवी होती. डोळा जाईल, राहील, जे काय व्हायचं ते होवो, पण त्यांना ती शेजारी हवी होती, पाय मारत, तोंडाची टकळी चालवत.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, तेलाच्या ग्रंथीचाच. पापणीत आणि पापणीला लागून असलेल्या दोन तुकड्यांत सापडला होता. बाकीचे सगळे आकडे स्वच्छ.

"पापणीचा भाग काढून नवा शिवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या दोन जागाही अतिथंड करून गोठवून टाकू, नंतर औषधाचे थेंब. ते मात्र दोऱ्याच्या डब्यात ठेवायचे नाहीत. आणखी काही तपासण्या आहेत, आणि पुढची काही वर्षं मी तुम्हाला सोडणार नाही. पण डोळा राहतोय, मावशी."

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. ते तिथेच रडायला लागले, चांगले मोठ्यानं, दोन्ही डोळ्यांनी. शिंपीणबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या खिशातला फोन काढून घेतला. बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी नंबर लावला.

"बोला बाबा," पलीकडून आवाज आला.

इतक्या जवळ. बाईंच्या तोंडात एकही टाचणी नव्हती आणि तरी बोलता येईना.

"बाबा? काय झालं? बाबा, आईला काही झालंय का? फोटो मागितलेत तेव्हाच मला..."

"मी आहे."

पलीकडे कुठेतरी बरीच मशिनं चालत होती, तेवढीच ऐकू येत होती.

"डोळ्यात कॅन्सर निघालाय," बाई म्हणाल्या. "घाबरू नकोस, डोळा राहणार आहे. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, हात हलका आहे त्यांचा. पण मी त्यासाठी फोन नाही केला. ऐकतेयस ना? हा डोळा तुझ्यामुळे लाल नव्हता. तू जायच्या आधी वर्षभर तो तसाच होता. तुझ्याच फोटोंत निघालं. तुझे बाबा काय काय सांगायचे ते मी ऐकत होते, आणि सांगू देत होते. तो माझा लबाडपणा. तुझा काही दोष नाही त्यात."

"मी येते," पोरीचा आवाज फुटला. "आज निघते. मी रजा..."

"डोळ्यासाठी येऊ नकोस."

"म्हणजे?"

"डोळ्याचं बघायला इथे माणसं आहेत." बाईंनी व्हरांड्याचा कठडा घट्ट धरला. "माझ्यासाठी ये. मला तुझ्यावाचून करमत नाही. एक दिवस करमलं नाही. नोकरी सोड म्हणत नाही मी, परत जा खुशाल, पण येऊन जा. आणि मी ते हाकेचं काय बोलले होते ना, ते..."

पलीकडची मशिनं एकेक करून थांबली, की पोरगीच बाहेर येऊन उभी राहिली, कोण जाणे.

"आई," टाचणी म्हणाली.

शिंपीणबाईंनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"आई? आहेस ना? आई."

"आहे," त्या म्हणाल्या. "अजून मार हाक."

मागून घड्याळजी रुमाल घेऊन आले. त्यांचाच, आधीच भिजलेला. बाईंनी तो घेतला, फोन कानाला तसाच धरून आधी उजवा डोळा टिपला, हलक्या हातानं, मग डावा. दोन्ही ओले होते.